बिनतारी संवेदक जाळ्यांतील ऊर्जाकार्यक्षम संदेशवहन

बिनतारी संवेदक जाळ्यांतील ऊर्जाकार्यक्षम संदेशवहन हा संगणकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी यांच्या सीमेवरील एक संशोधनविषय आहे. तापमान, आर्द्रता, कंपन, ताण, जलपातळी यांसारख्या राशी मोजून त्यांच्या नोंदी रेडिओलहरींद्वारे पाठवणारी लहान उपकरणे मर्यादित क्षमतेच्या बॅटरीवर दीर्घकाळ कशी चालवावीत, याचा अभ्यास या विषयात केला जातो. अशा उपकरणाची बहुतांश ऊर्जा सामान्यतः मोजमापावर किंवा गणनेवर नव्हे, तर रेडिओ चालू ठेवण्यावर खर्च होते. त्यामुळे रेडिओ केव्हा चालू करावा आणि केव्हा बंद ठेवावा, हा या क्षेत्रातील मध्यवर्ती प्रश्न ठरतो.

या विषयावरील संशोधनाला २००० च्या सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांत वेग आला. भारतात मुंबई आणि कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये दरडी, द्राक्षबागा आणि रेल्वेपूल यांच्या देखरेखीसाठी अशा जाळ्यांवर काम झाले.

स्वरूप

संवेदक जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला नोड म्हणतात. नोडमध्ये एक किंवा अधिक संवेदक, लहान संगणकीय चिप, कमी शक्तीचा रेडिओ आणि बॅटरी असे चार प्रमुख भाग असतात. नोड आपली मोजमापे थेट किंवा इतर नोडांमार्फत टप्प्याटप्प्याने संकलन केंद्राकडे पाठवतात. हे केंद्र ती माहिती मोबाइल जाळे, उपग्रह किंवा इंटरनेट यांद्वारे वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवते.

जेथे वीज किंवा तारा नेणे कठीण असते आणि माणसाने वारंवार जाणे गैरसोयीचे असते, तेथे अशी जाळी उपयोगी पडतात. पालघर जिल्ह्यातील वैतरणा खाडीवरील रेल्वेपूल हे अशा स्थळाचे उदाहरण म्हणून घेता येते. पश्चिम रेल्वेचा मुंबई–अहमदाबाद मार्ग विरारच्या उत्तरेस, वैतरणा आणि सफाळे या स्थानकांदरम्यान ही खाडी दोन पुलांवरून ओलांडतो. भरती-ओहोटी, खारी हवा आणि गाड्यांची सततची वर्दळ यांचा भार या पुलांवर असतो. पुलांच्या परिसरातील बेकायदा वाळूउपशामुळे त्यांच्या खांबांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही वेळोवेळी उपस्थित झाला आहे. पुलाच्या कंपनांत कालांतराने होणारा बदल हा त्याच्या प्रकृतीचा एक निदर्शक मानला जातो. तो टिपण्यासाठी प्रत्येक गाळ्यावर संवेदक बसवावे लागतात. त्या सर्वांपर्यंत तारा ओढणे खर्चिक असते, तर तारांऐवजी बॅटरी वापरल्यास ती बदलण्यासाठी कर्मचाऱ्यांना चालू मार्गावरील पुलावर पुन्हापुन्हा उतरावे लागते. बॅटरी किती काळ टिकते, यावर अशा यंत्रणेची व्यवहार्यता अवलंबून असते.

ऊर्जेचा हिशेब

संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या टीमोट स्काय या नोडची आकडेवारी हा प्रश्न समजण्यास उपयुक्त आहे. हा नोड दोन पेन्सिल सेलवर चालतो. त्याच्या निर्मात्याने दिलेल्या माहितीनुसार वेगवेगळ्या स्थितींत तो पुढीलप्रमाणे विद्युतप्रवाह घेतो :

- चिप चालू, रेडिओ संदेश ऐकत असताना : २१.८ मिलीअँपिअर
- चिप चालू, रेडिओ संदेश पाठवत असताना : १९.५ मिलीअँपिअर
- चिप चालू, रेडिओ बंद : १.८ मिलीअँपिअर
- दोन्ही झोपेच्या स्थितीत : ०.००५१ मिलीअँपिअर

यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, ऐकण्याचा खर्च पाठवण्याच्या खर्चापेक्षा थोडा अधिकच आहे. दुसरी, झोपेतील खर्च ऐकण्याच्या खर्चाच्या सुमारे चार हजारावा भाग आहे. सेलची क्षमता २,५०० मिलीअँपिअर-तास धरली आणि रेडिओ सतत चालू ठेवला, तर नोड सुमारे ११५ तासांत, म्हणजे पाच दिवसांच्या आत बंद पडतो. रेडिओ एकूण वेळेच्या केवळ १ टक्का चालू ठेवला, तर सरासरी प्रवाह ०.२२ मिलीअँपिअरच्या आसपास येतो आणि आयुष्य सुमारे पंधरा महिन्यांवर जाते. हे प्रमाण ०.१ टक्क्यावर आणल्यास गणिताने दहा वर्षांहून अधिक काळ मिळतो. प्रत्यक्षात मात्र सेलची आपोआप होणारी झीज आणि उष्णता यांमुळे तो बराच कमी होतो. रेडिओ चालू असण्याच्या या प्रमाणास कार्यचक्र असे म्हणतात.

ऊर्जा वाया जाण्याची कारणे

वेई ये, जॉन हायडेमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी २००२ मध्ये एस-मॅक हा प्रोटोकॉल मांडताना रेडिओवरील अपव्ययाची चार प्रमुख कारणे नोंदवली. पुढील संशोधनात हे वर्गीकरण सर्वत्र वापरले गेले.

- टक्कर : दोन नोडांनी एकाच वेळी संदेश पाठवल्यास दोन्ही संदेश निरुपयोगी होतात व पुन्हा पाठवावे लागतात.
- परका संदेश ऐकणे : दुसऱ्या नोडसाठी असलेला संदेशही शेजारचे नोड स्वीकारतात.
- नियंत्रण संदेशांचा भार : मोजमापांखेरीज समन्वयासाठी पाठवलेल्या संदेशांवरही ऊर्जा खर्च होते.
- निष्फळ ऐकणे : कोणीही संदेश पाठवत नसताना रेडिओ केवळ संदेशाच्या प्रतीक्षेत चालू राहतो.

संवेदक जाळ्यांत दिवसाकाठी पाठवायची माहिती अल्प असते. त्यामुळे चारही कारणांत निष्फळ ऐकणे सर्वांत महाग पडते. रेडिओ बंद ठेवणे हा त्यावरचा उघड उपाय असला, तरी त्यातून नवी अडचण निर्माण होते. पाठवणारा जागा असताना ऐकणाराही जागा असला पाहिजे. दोघांच्या जागण्याच्या वेळा कमीत कमी खर्चात कशा जुळवाव्यात, हा या क्षेत्रातील बहुतेक प्रोटोकॉलांचा विषय आहे.

बचतीच्या पद्धती

झोप व जाग यांचे नियोजन

एस-मॅक प्रोटोकॉलमध्ये शेजारचे नोड एकमेकांचे वेळापत्रक जाणून घेतात आणि ठरावीक काळाने एकाच वेळी जागे होतात. यासाठी त्यांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. नोडमधील स्फटिक घड्याळांत दर दशलक्षामागे ४० इतका परस्परफरक असल्यास एका दिवसात सुमारे ३.५ सेकंदांचे अंतर पडते. म्हणून घड्याळे वेळोवेळी जुळवून घ्यावी लागतात आणि त्यासाठीही संदेश खर्चावे लागतात.

जोसेफ पोलास्त्रे, जेसन हिल आणि डेव्हिड कलर यांनी २००४ मध्ये मांडलेल्या बी-मॅक प्रोटोकॉलने वेळापत्रकाची गरज टाळली. यात प्रत्येक नोड ठरावीक अंतराने अगदी थोडा वेळ जागा होऊन हवेत लहरी आहेत का, एवढेच तपासतो. पाठवणारा नोड प्रत्यक्ष संदेशापूर्वी एक लांब पूर्वसंकेत प्रसारित करतो. हा संकेत तपासणीच्या अंतराहून मोठा असल्याने ऐकणाऱ्याला तो हमखास सापडतो. खर्चाचा भार अशा रीतीने ऐकणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडे सरकतो आणि संदेश क्वचितच पाठवायचे असतील तर एकूण बचत होते. २००६ मधील एक्स-मॅक या प्रोटोकॉलने लांब संकेताऐवजी ज्याला संदेश द्यायचा आहे त्याचा पत्ता असलेले छोटे संकेत वापरले. त्यामुळे इतर नोड लगेच पुन्हा झोपू शकतात आणि योग्य नोड मध्येच उत्तर देऊन प्रतीक्षा संपवू शकतो.

अंतर आणि टप्पे

अंतर वाढले की संदेश पाठवण्याची ऊर्जा त्याच प्रमाणात न वाढता अंतराच्या वर्गाने किंवा त्याहूनही वेगाने वाढते. म्हणून मधल्या नोडांमार्फत टप्प्याटप्प्याने पाठवणे काही वेळा स्वस्त पडते. संशोधनात रूढ असलेल्या एका प्रतिमानात रेडिओची परिपथे चालवण्यास दर बिटमागे ५० नॅनोज्यूल आणि लहरी दूर पोहोचवण्यास दर बिटमागे, अंतराच्या मीटरमधील वर्गाला गुणून, १०० पिकोज्यूल खर्च धरतात. त्यानुसार १,००० बिट १०० मीटरवर थेट पाठवण्यास १,०५० मायक्रोज्यूल लागतात. मध्यावर एक नोड ठेवून ५० मीटरच्या दोन टप्प्यांत पाठवल्यास, मधल्या नोडचा स्वीकारण्याचा खर्च धरूनही, ६५० मायक्रोज्यूल पुरतात. अंतर २० मीटर असेल तर मात्र थेट पाठवण्यास ९० आणि दोन टप्प्यांत १७० मायक्रोज्यूल लागतात. म्हणजे टप्पे करणे लहान अंतरावर तोट्याचे ठरते.

प्रत्यक्ष रेडिओंच्या बाबतीत हे प्रतिमान जपून वापरावे लागते. टीमोट स्कायमधील सीसी२४२० या रेडिओ चिपची प्रसारणशक्ती १ मिलीवॉटवरून सुमारे ०.००३ मिलीवॉटपर्यंत, म्हणजे तीनशे पटींनी घटवता येते. तरीही तिने घेतलेला प्रवाह १७.४ वरून ८.५ मिलीअँपिअरपर्यंतच, म्हणजे जेमतेम निम्म्यावर येतो. अशा रेडिओच्या बाबतीत प्रसारणशक्ती कमी करण्यापेक्षा रेडिओ लवकर बंद करणे अधिक लाभदायक असते.

गटरचना

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी २००० मध्ये लीच हा प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. वर दिलेले प्रतिमान याच शोधनिबंधातील आहे. लीचमध्ये नोडांचे गट पडतात. गटातील नोड आपली मोजमापे जवळच्या गटप्रमुखाकडे देतात, आणि गटप्रमुख ती एकत्र करून दूरच्या केंद्राकडे पाठवतो. गटप्रमुखाचा खर्च मोठा असल्याने हे काम नोडांकडे पाळीपाळीने येते, जेणेकरून कोणताही एक नोड इतरांच्या आधी संपू नये. पारंपरिक पद्धतींच्या तुलनेत ऊर्जाखर्च आठपटींपर्यंत घटू शकतो, असा निष्कर्ष लेखकांनी संगणकीय प्रतिरूपणावरून काढला. प्रत्येक नोड गरज पडल्यास थेट केंद्रापर्यंत पोहोचू शकतो, हे लीचमधील गृहीतक मात्र मोठ्या प्रदेशातील जाळ्यांना लागू पडत नाही.

केंद्राजवळील नोडांवरील ताण

टप्प्याटप्प्याने संदेश नेणाऱ्या जाळ्यात केंद्राजवळचे नोड स्वतःच्या नोंदींबरोबर दूरच्या सर्व नोडांच्या नोंदीही वाहून नेतात. ते सर्वांत आधी संपतात आणि उरलेल्या नोडांच्या बॅटरी शिल्लक असूनही जाळे केंद्रापासून तुटते. या स्थितीला ऊर्जाविवर म्हणतात. केंद्राजवळ अधिक नोड बसवणे, वाटेतच माहिती एकत्र करून संदेशांची संख्या घटवणे किंवा केंद्रच फिरते ठेवणे, असे उपाय यावर सुचवले गेले आहेत.

मानके

कमी शक्तीच्या रेडिओंसाठी आयईईई ८०२.१५.४ हे मानक प्रथम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ मानकात एका संदेशाची कमाल लांबी १२७ बाइट आहे. इंटरनेटच्या आयपीव्ही६ संदेशाचे केवळ शीर्षच ४० बाइटांचे असल्याने ते जसेच्या तसे पाठवणे महाग पडते. ते संक्षिप्त करण्याची ६लोपॅन ही पद्धत २००७ मध्ये, तर अशा जाळ्यांतील मार्गनिवडीचा आरपीएल हा प्रोटोकॉल २०१२ मध्ये इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्ध झाला.

दूर पल्ल्यासाठी लोरावॅन ही पद्धत प्रचलित आहे. तिच्या अ वर्गातील उपकरण स्वतः संदेश पाठवल्यानंतर दोनदा थोडा वेळ ऐकते आणि एरवी रेडिओ बंद ठेवते. भारतात अशा उपकरणांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा परवानामुक्त पट्टा उपलब्ध आहे.

भारतातील संशोधन

सेनस्लाइड

पश्चिम भारताच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात दरडी कोसळून जीवित व मालमत्तेची हानी होते. दरड कोसळण्यापूर्वीच तिचा अंदाज घेण्यासाठी सेनस्लाइड या प्रणालीची रचना करण्यात आली. तिच्यावर काम करणाऱ्या गटात भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील उदय देसाई यांचा समावेश होता. देसाई पुढे हैदराबाद येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. मोजक्या महागड्या यंत्रांऐवजी खडकांतील ताण मोजणारे अनेक स्वस्त नोड वापरणे आणि त्यांतील काही बंद पडले तरी जाळे चालू ठेवणे, हे या रचनेचे वैशिष्ट्य होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात प्रयोगशाळेतील ६५ नोडांच्या चाचणीचे आणि ४०० नोडांपर्यंतच्या संगणकीय प्रतिरूपणाचे निष्कर्ष दिले आहेत.

दरडीच्या बाबतीत ऊर्जेचा प्रश्न विशेष अवघड असतो. वर्षातील बहुतेक दिवस पाठवण्यासारखे काही घडत नाही, परंतु धोक्याच्या वेळी संदेश काही क्षणांत पोहोचावा लागतो. तसेच हा धोका ज्या पावसाळ्यात असतो, त्याच काळात सौर पट्ट्यांना सूर्यप्रकाश कमी मिळतो.

अ‍ॅग्रिसेन्स

मुंबईच्या याच संस्थेतील अ‍ॅग्रिसेन्स या प्रकल्पात नाशिक येथील सुला द्राक्षबागेत संवेदक जाळे बसवण्यात आले. द्राक्षावरील केवडा व भुरी या रोगांचा प्रादुर्भाव तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओले राहते यांच्याशी निगडित असतो. बागेतच ही मोजमापे मिळाल्यास फवारणीचा निर्णय अधिक नेमकेपणाने घेता येतो. या राशी सावकाश बदलतात. त्यामुळे काही मिनिटांच्या अंतराने एकच छोटा संदेश पुरतो आणि उरलेला वेळ नोड झोपू शकतात. या दृष्टीने शेती हे संवेदक जाळ्यांसाठी तुलनेने सोपे क्षेत्र आहे.

ब्रिमॉन

ब्रिमॉन ही रेल्वेपुलांच्या देखरेखीची प्रणाली भारतीय तंत्रज्ञान संस्था, कानपूर येथे कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. तिच्यावरील शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चेब्रोलू आणि रामन पुढे भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे प्राध्यापक झाले.

पुलाची उपयुक्त कंपने गाडी पुलावरून जाताना आणि ती गेल्यानंतर काही क्षण मिळतात. त्यामुळे गाडी येण्यापूर्वी नोड जागे असले पाहिजेत आणि एरवी ते झोपलेले असले तरी चालते. ब्रिमॉनमध्ये गाडीवर वायफाय रेडिओ असतो. मार्गालगत पुलाच्या आधी बसवलेले नोड वेळोवेळी हवेतील लहरी तपासतात आणि गाडीचा रेडिओ जवळ आल्याचे ओळखून पुलावरील नोडांना जागे करतात. वायफाय आणि नोडचा रेडिओ एकाच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालत असल्याने वायफायचा संदेश न वाचताही त्याचे अस्तित्व ओळखता येते. या तत्त्वावर याच गटाने २००६ मध्ये स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

जमा झालेल्या नोंदी दूरच्या केंद्राकडे पाठवल्या जात नाहीत. पुलावरून जाणाऱ्या गाडीतील संगणकच त्या गोळा करतो. गाडी पुलावर थोडाच वेळ असते, म्हणून वेगवेगळ्या गाळ्यांतील नोड वेगवेगळ्या रेडिओ वाहिन्यांवरून एकाच वेळी माहिती देतात. फिरत्या केंद्रामुळे संपूर्ण पुलावरून टप्प्याटप्प्याने माहिती नेण्याची गरज उरत नाही आणि ऊर्जाविवराचा प्रश्नही सौम्य होतो.

वैतरणेसारख्या वर्दळीच्या मार्गावर ही पद्धत वापरायची झाल्यास हिशेब बदलतो. या मार्गावर लांब पल्ल्याच्या व मालगाड्यांबरोबरच डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्याही धावतात. दर दहा मिनिटांनी एक गाडी जाते आणि प्रत्येक गाडीमागे रेडिओ एक मिनिट चालू राहतो, असे मानल्यास कार्यचक्र १० टक्के होते. वरील नोड अशा स्थितीत सुमारे ४८ दिवसच टिकेल. पुलाच्या रचनेतील बदल सहसा हळूहळू होतात. ते समजण्यासाठी दिवसातून एका ठरावीक प्रकारच्या गाडीची नोंद पुरेशी मानली, तर कार्यचक्र ०.०७ टक्क्यांवर येते. मग बॅटरीचे आयुष्य गाड्यांऐवजी हवेच्या नियमित तपासणीवर, कंपनमापकाच्या स्वतःच्या खर्चावर आणि सेलच्या झिजेवर अवलंबून राहते. अचानक आलेल्या पुरामुळे खांबाखालचा भराव वाहून जाण्यासारखा धोका मात्र दिवसाकाठी एका नोंदीतून वेळेवर कळणार नाही. त्यासाठी जलपातळी मोजणाऱ्या संवेदकाने जास्तीच्या नोंदी सुरू करणे, अशा वेगळ्या योजनेची गरज असते.

ग्राम मार्ग

संवेदकांची माहिती इंटरनेटपर्यंत नेणारा दुवा हा ऊर्जेच्या हिशेबाचा दुसरा भाग आहे. ग्रामीण भागात मोबाइल संपर्क क्षीण असल्यास संकलन केंद्राच्या रेडिओला अधिक शक्ती आणि वेळ लागतो. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील ग्राम मार्ग या प्रकल्पात पालघर तालुक्यातील खामलोली व आसपासच्या गावांत दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींद्वारे इंटरनेट जोडणी देण्याचा प्रयोग करण्यात आला. या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या इक्वल रेटिंग स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. हा प्रकल्प संवेदक जाळ्यांचा नसून ब्रॉडबँडचा आहे. तरीही अशा दुव्यांची उपलब्धता ग्रामीण भागातील संवेदक जाळ्यांसाठी महत्त्वाची ठरते.

टीका व मर्यादा

या क्षेत्रात शेकडो प्रोटोकॉल सुचवले गेले, परंतु त्यांपैकी अनेकांची परीक्षा केवळ संगणकीय प्रतिरूपणात झाली. रामन आणि चेब्रोलू यांनी २००८ मध्ये या प्रवृत्तीवर टीकात्मक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात सेन्सर आणि सेन्सॉर या शब्दांवर श्लेष साधलेला आहे. विशिष्ट उपयोगाचा विचार न करता सर्वसाधारण प्रोटोकॉल रचल्याने संशोधन प्रत्यक्ष गरजांपासून दूर जाते आणि प्रणाली अनावश्यक गुंतागुंतीच्या होतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

ऊर्जाबचतीची किंमत इतर गुणांत मोजावी लागते. रेडिओ जितका अधिक काळ झोपतो, तितका संदेश उशिरा पोहोचतो. माहिती वाटेतच एकत्र केल्याने संदेश घटतात, परंतु मूळ नोंदींतील बारकावे हरवतात. संदेश सुरक्षित ठेवण्यासाठी केलेले सांकेतिकीकरण संदेशाची लांबी आणि गणना वाढवते. यांपैकी कोणती किंमत परवडते, याचे उत्तर उपयोगानुसार बदलते. द्राक्षबागेत अर्ध्या तासाचा विलंब चालतो, दरडीच्या इशाऱ्यात तो चालत नाही आणि पुलाच्या दैनंदिन कंपन-नोंदीत एका दिवसाचा विलंबही स्वीकारता येतो. त्यामुळे मोजायची घटना केव्हा आणि किती वेगाने घडते, तसेच तिची माहिती किती वेळात हवी आहे, हे निश्चित करणे ही ऊर्जाकार्यक्षम जाळ्याच्या आखणीतील पहिली पायरी मानली जाते.